अनुभव धागा: माणसं जमली, पण गट कधी जमला?

गणपतींना दीड महिना उरलाय, नदीकाठी पथकांचे सराव सुरू झालेत, म्हणून हा धागा. पथक, नाटक, दिंडी, ऑफिस, काहीही चालेल. नुसती गोळा झालेली माणसं 'आपली' कधी झाली, ते लिहा. 'एकीचं बळ' वगैरे नको, घडलेलं सांगा.

सुरुवात मीच करते. पथकातलं दुसरं वर्ष. आम्ही ढोलवाले ताशावाल्यांवर खार खाऊन असायचो. लय तेच वाढवणार, हात आमचे भरून येणार, चुकलं की बोलणीही आम्हालाच. एका रविवारी एकानं ढोल वाजवायचं टिपरू आपटलं आणि जुंपली. पथकप्रमुख मध्ये पडला नाही. त्यानं ताशावाल्यांच्या कमरेला ढोल बांधले. पाच मिनिटांत घामाघूम! मग ताशा माझ्या गळ्यात आला आणि माझी तर्री, म्हणजे काड्यांचा तो सलग झरझर वाज, काही केल्या पडेना. त्यानंतर लय चढवण्याआधी ताशावाले मान वळवून आमच्याकडे बघायला लागले. बदललं ते एवढंच.

तळाचा_गोविंदा: सात वर्षं खालच्या थरात आहे. फोटोत सगळ्यात वरचा एक्का दिसतो, आमची नुसती टाळकी. एकदा सरावात खांदा सरकला, पण बोललो नाही. मर्दानगी! चौथा थर चढताना सगळे खाली. कोणाला फार लागलं नाही, नशीब. आमचे दादा एवढंच म्हणाले, "दुखलं तर बोलायचं रे, थर उतरवता येतात." आता तळातून कोणीही 'उतरा' म्हटलं की थर उतरतात. 'का' ते नंतर, वडापाव खाताना.

विंगेतली: एकांकिका, बॅकस्टेज. एका ब्लॅकआऊटमध्ये दार, खुर्ची आणि कंदील बदलायचा. अंधारात कोणाचं पाऊल कुठलं ते कळायला लागलं, तेव्हा.

सोमवार_नको: आम्हाला टीम बिल्डिंगला लोणावळ्याला नेलं. रस्सीखेच, चिक्की, ग्रुप फोटो. सोमवारी परत मॅनेजरला सीसीत ठेवून एकमेकांना ईमेल. ट्रेनिंगमध्ये टकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या, गट कसा घडतो त्याच्या पायऱ्या शिकवल्या होत्या: जमणं, भांडणं, रुळणं, कामाला लागणं. या १९६५च्या. १९७७ साली पाचवी जोडली, पांगणं. आमची टीम दुसरीवरून थेट पाचवीवर गेली.

वारकरीण_५८: माउलींच्या पालखीत मुक्कामी समाजआरतीआधी चोपदार हातातला दंड उंच करतात. एवढा समाज, पण क्षणात चिडीचूप. पहिल्या वर्षी एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले. मला वाटलं, काय ही बेशिस्त! शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अगं, गाऱ्हाणं आहे त्यांचं. ऐकून घेतल्याशिवाय टाळ थांबायचे नाहीत." चोपदार स्वतः तिथवर गेले, उभ्यानं ऐकून घेतलं. टाळ थांबले, मग आरती. घरी आल्यावर सुनेला म्हटलं, काही खुपलं तर भांडी आपट, मला कळेल.

सोमवार_नको: काकू, आमच्याकडे टाळ वाजवले तर एचआर येईल. पण टाळ जप्त करायला.