‘सहकारी गाड्या’ म्हणजे कुठल्या कारखान्याच्या?

टिळकवाडीकर
एका स्थानिक दिवाळी अंकासाठी कोऑपरेटिव्ह कनेक्टेड कार्सवर लेख दिलाय. म्हणजे आपण कुठं आहोत, किती वेगात आहोत, ब्रेक दाबलाय का, हे रेडिओवरून एकमेकींना कळवत राहणाऱ्या गाड्या. संपादकांनी शीर्षक करून टाकलं ‘सहकारी जोडगाड्या’. मुद्रित सासऱ्यांना दाखवलं. ते चिकोडीकडचे. पहिला प्रश्न, ‘कुठल्या कारखान्याच्या?’ त्यांच्या डोळ्यांपुढं उसाचा ट्रॅक्टर आणि मागं दोन ट्रॉल्या! त्यांना हसावं तरी कसं? आपल्या भागात ‘सहकारी’ म्हटलं की साखर नाहीतर सोसायटी. आठवड्याभरात अंक छापायला जाईल. शब्द सुचवा.

भाषाव्रती
‘सहयोगी संलग्न स्वयंचल’. तिन्ही शब्द आपले, अर्थ नेमका. प्रश्न मिटला.

अनगोळचा अभियंता
मिटला कसला, वाढला की. ‘स्वयंचल’ म्हणजे ड्रायव्हर नसलेली गाडी. इथं ड्रायव्हर आहे, स्टिअरिंग त्याच्याच हातात आहे, त्याला फक्त खबर आधी मिळते.

आणि कनेक्टेड वेगळं, कोऑपरेटिव्ह वेगळं. सिमकार्ड घातलेली, मोबाइलवरून एसी चालू होणारी गाडी कनेक्टेड झाली. पण शेजारून जाणाऱ्या गाडीला ती काही सांगत नाही. कोऑपरेटिव्ह गाडी सांगते, तेही मधे कुठला सर्व्हर न घेता. 5.9 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सेकंदाला 10 वेळापर्यंत छोटा संदेश सोडते. ताशी 80 च्या वेगानं गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे दर सव्वादोन मीटरला एक संदेश. काही शे मीटरच्या टापूत ज्याच्याकडं यंत्र आहे त्यानं ऐकावा. कुणाचं नाव घेऊन पाठवलेला नसतो आणि उत्तराची अपेक्षाही नसते. त्यामुळं ‘संवाद’, ‘बोलक्या’ हे शब्द मला पटत नाहीत. संवादात समोरचा बोलतो तरी.

खानापूरची माई
मग ती हाळी झाली की रे बाळा.

आमचे आजोबा निपाणीला तंबाखूच्या गाड्या घेऊन जायचे. रात्रीचा प्रवास, गाड्यांची रांग, निम्मे गाडीवान झोपलेले, बैलांनाच वाट पाठ. उतार लागला की पुढचा गाडीवान हाळी द्यायचा, दुसरा ती उचलून मागं द्यायचा, अशी शेवटपर्यंत जायची. शेवटच्याला उतार दिसायच्या आधी कळलेला असायचा. कुणी कुणाला ‘ओ’ देत नव्हतं. आजोबा म्हणायचे, हाळी चुकली की मागचा बैल पुढच्या गाडीत तोंड घालतोय.

अनगोळचा अभियंता
माई, तुम्ही नेमकं सांगितलंत. हल्लीचं वेग आपोआप सांभाळणारं क्रूझ कंट्रोल रडारनं पुढची गाडी मंदावलेली *बघून* ब्रेक लावतं. सहकारी प्रकारात पुढची गाडी ब्रेक दाबताक्षणी *सांगते*, मागची तेव्हाच आवरते. म्हणून ट्रकांची माळ कमी अंतर ठेवून चालवायचे प्रयोग परदेशात झाले.

टिळकवाडीकर
‘हाळी देणाऱ्या गाड्या’? चांगलं आहे, पण संपादक गावंढळ म्हणतील.

शहापूर पेठ
हाळी हा शब्दच मुळी कन्नड ‘हळ्ळी’वरून आलाय. हळ्ळी म्हणजे खेडं. खेड्यात मारतात ती हाळी.

भाषाव्रती
काहीही! उद्या ‘होळी’सुद्धा हळ्ळीवरून आली म्हणाल.

शहापूर पेठ
बरं, हाळीचं राहू दे. ‘डांगोरा’ घ्या. कन्नडमध्ये ‘डंगुर’, तोच अर्थ, वाजवून जाहीर करणं. हा लेख आमचा कन्नड शेजारीसुद्धा वाचेल की. दोन्हीकडं कळणारा शब्द हातात असताना संस्कृत कशाला उकरायचं?

खानापूरची माई
डांगोरा अब्रूचा पिटतात. गाडीनं ब्रेक दाबला तर त्याचा डांगोरा कशाला?

चंदगडी
मी आठवड्याला चोर्ला घाटातून गोव्याला माल नेतो. शब्द काय पण ठेवा, एक सांगा. तिथं मोबाइलला रेंज नसती. मग हे चालणार काय?

अनगोळचा अभियंता
चालेल. यात दोन घराणी आहेत. एक वायफायच्या कुळातलं, 802.11पी, त्याचं मानक 2010 चं. दुसरं मोबाइलच्या कुळातलं, सी-व्ही-टू-एक्स, त्याची पहिली मानकं 2017 च्या सुमाराला पुरी झाली. पण त्यातही गाडी ते गाडी थेट जोडणी आहे, टॉवर लागत नाही. वळणावर अख्खा डोंगर आडवा असेल तर मात्र दोन्हींची पंचाईत. तिथं रस्त्याकडेला यंत्र उभारून त्यानं दोन्ही बाजूंना सांगायचं.

खानापूरची माई
मग ती दवंडी. हाळी शेजाऱ्याची, दवंडी सरकारची. सिग्नलच्या खांबानं ‘आता लाल होतोय’ म्हटलं तरी दवंडीच.

टिळकवाडीकर
माई, हे मी घेतलं! गाडी ते गाडी हाळी, खांब ते गाडी दवंडी.

भाषाव्रती
तंत्रज्ञानाच्या लेखात हाळी आणि दवंडी! ‘महापौर’ या शब्दालासुद्धा लोक हसले होते. आज बेळगावात मेयर कोण म्हणतं?

शहापूर पेठ
सगळे म्हणतात. पालिकेच्या दारात उभं राहून ऐका एकदा.

चंदगडी
मला अजून एक पडलंय. तवंदी घाटात पुढच्या ट्रकनं उजवा इंडिकेटर दिला तर मी समजतो ‘ये पुढं, वाट मोकळी हाय’. परवा एक पुण्याचा पाव्हणा सांगत होता की त्याचा अर्थ ‘मी उजवीकडं वळतोय’. आता गाड्या बोलाय लागल्यावर ह्याचं काय?

पुण्याची सून, वडगाव
पाहुण्याचं बरोबर आहे, दादा. पुस्तकातला अर्थ तोच आहे.

चंदगडी
पुस्तक घाटात चालवत नाही ताई.

अनगोळचा अभियंता
म्हणूनच संदेशात ‘ये पुढं’ असलं काही नसतं. जागा, वेग, दिशा, ब्रेक, गाडीची लांबी-रुंदी. प्रत्येक रकाना ठरलेला. पुढं जायचं का नाही ते तुम्हीच ठरवायचं.

चंदगडी
आणि नंबर? कुठली गाडी कुठं होती ते पोलिसाला कळणार असंल तर आमच्यातला एकपण हे बसवणार नाही.

अनगोळचा अभियंता
संदेशात गाडीचा नंबर नसतो. टोपणनावाचं प्रमाणपत्र असतं आणि तेही बदलत राहतं. खोटा संदेश ओळखता यावा, पण माणूस ओळखता येऊ नये, अशी योजना.

टिळकवाडीकर
‘सहकारी’ला पर्याय अजून कुणीच दिला नाही बरं का.

शहापूर पेठ
‘सांगड’? कन्नडमध्ये ‘संगड’ म्हणजे सोबत. सांगडीच्या गाड्या.

भाषाव्रती
सांगड पोहायला बांधतात. पाठीला.

पुण्याची सून, वडगाव
मला ‘दळणवळणी’ आवडेल. दळणवळणात रस्ते, गाड्या येतात आणि टपाल, फोनही येतात. इथं गाडी आणि निरोप दोन्ही एकच झालंय.

खानापूरची माई
दळणवळण जात्यावरून आलंय. दळणाला बायका जमायच्या, गावभरच्या बातम्या तिथंच वळायच्या.

भाषाव्रती
माई, हे मात्र ओढूनताणून झालं. तो निव्वळ जोडशब्द आहे.

खानापूरची माई
तू दळलंयस कधी?

चंदगडी
ते सगळं खरं, पण ह्या गाड्या आल्या कुठं?

अनगोळचा अभियंता
युरोपात फोक्सवॅगननं 2019 च्या गोल्फमध्ये हे यंत्र दिलं, वायफाय घराण्याचं. अमेरिकेनं 1999 मध्ये यासाठी 75 मेगाहर्ट्झचा पट्टा राखला होता. गाड्या काही फारशा आल्या नाहीत, म्हणून 2020 मध्ये त्यातला 45 चा तुकडा वायफायला देऊन टाकला.

चंदगडी
बघा. तिथं वीस वर्षांत जमलं नाही. आमच्याकडं उसाच्या ट्रॉलीला मागं लाल दिवा लावा म्हणून ओरडून घसा बसला. पोतं टांगून फिरतात. पहिलं ती सहकारी गाडी दिसू दे.

शहापूर पेठ
ट्रॉली कारखान्याची नसते, ठेकेदाराची असते.

चंदगडी
ऊस कुणाचा पण? कारखान्यालाच जातोय ना?

टिळकवाडीकर
मंडळी, शीर्षक...

शहापूर पेठ
कारखाना वाहतुकीचा करार करतो. दिवा कुणी लावायचा ते करारात असतं. आमच्या चुलत्यांची दोन ट्रॅक्टरं आहेत, मला सांगू नका.

चंदगडी
मग चुलत्यांना विचारा, मागं दिवा हाय काय.