पीएनआर आला, पण एअरलाइनच्या अ‍ॅपमध्ये बुकिंग सापडत नाही. तिकीट पक्कं समजायचं का?

वाटाड्या_१७
भाड्यांची तुलना करणाऱ्या साइटवरून परदेशी जायचं तिकीट घेतलं आहे. मध्ये विमान बदलायचं आहे आणि दोन्ही विमानं वेगवेगळ्या एअरलाइनची आहेत. यादीत दिसलेलं भाडं पैसे भरायच्या पानावर वाढलं. इन्कॉग्निटोमध्ये उघडलं तरी तेच. ‘बुकिंग कन्फर्म’ असा मेल आला, त्यात सहा अक्षरी पीएनआर आहे, पण एअरलाइनच्या अ‍ॅपमध्ये तो चालत नाही. आणि पुढे विमानाची वेळ बदलली तर बोलायचं कोणाशी, साइटशी की एअरलाइनशी?

कूपन_ओपन
पीएनआरचं आधी बघा, भाड्याचं नंतर. पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. कोण, कुठल्या विमानाने, कधी जाणार एवढीच ती नोंद. तिकीट खरंच निघालं की १३ आकडी ई-तिकीट नंबर पडतो. त्याचे पहिले तीन आकडे ज्या एअरलाइनच्या नावावर तिकीट निघालं तिचे: १७६ म्हणजे एमिरेट्स, २२० म्हणजे लुफ्थान्सा. मेलमध्ये आणि सोबतच्या पीडीएफमध्ये हा नंबर शोधा. नसेल तर जागा नुसती धरून ठेवलेली आहे. तिकीट काढायची मुदत उलटली की ती सुटते, मग कन्फर्मचा मेल हातात असला तरी उपयोग नाही.

सहा अक्षरं न चालण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. तो नंबर साइटचा स्वतःचा, नाहीतर अमाडेउस किंवा सेबरसारख्या जीडीएसमधला (अनेक एअरलाइनच्या जागा एजंटांना दाखवणारी सामायिक बुकिंग सिस्टीम) असतो. एअरलाइनच्या सिस्टीममध्ये त्याच बुकिंगला दुसरा नंबर पडतो, आणि दोन एअरलाइन असतील तर दोन. साइटच्या चॅटवर ‘एअरलाइन लोकेटर द्या’ असं नेमकं विचारा. ‘बुकिंग दिसत नाही’ एवढंच सांगितलंत तर २४ तास थांबा असं ठरावीक उत्तर येईल. आडनाव जोडून लिहून बघा. त्यातली मोकळी जागा बऱ्याच सिस्टीम गाळतात. नावाच्या शेवटी ‘एमआर’ (मिस्टर) चिकटलेलं दिसलं तर घाबरू नका, तो बिघाड नाही.

ही दुहेरी नोंद जुनी आहे. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी १९६० च्या दशकात सेबर उभं केलं, तेव्हा जागेची नोंद कॉम्प्युटरमध्ये गेली आणि तिकीट कागदावरच राहिलं. १ जून २००८ पासून आयएटीएने, म्हणजे एअरलाइनच्या जागतिक संघटनेने, एजंटांची कागदी तिकिटं बंद केली. कागद गेला, पण नोंद वेगळी आणि तिकीट वेगळं ही रचना तशीच राहिली. दोन्ही एकाच ऑर्डरमध्ये आणायचा ‘वन ऑर्डर’ प्रकार आता येतो आहे.

आणि इथे स्क्रीनशॉट टाकू नका. पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर कोणीही बुकिंग उघडून बदल करू शकतो. बोर्डिंग पासच्या बारकोडमध्येही हे दोन्ही असतं.

शेवटची_बकेट
भाड्याबद्दल. यादीतलं भाडं बऱ्याचदा साठवलेलं असतं. एक तिकीट विकलं जाईपर्यंत शोध प्रचंड होतात. दर वेळी एअरलाइनला विचारणं परवडत नाही, म्हणून थोड्या वेळापूर्वीचं उत्तर दाखवतात. खरी विचारणा तुम्ही विमान निवडल्यावर होते, आणि तेवढ्यात स्वस्त बकेट संपलेली असू शकते. बकेट म्हणजे एकाच इकॉनॉमीतल्या वेगवेगळ्या भाड्यांच्या जागा, प्रत्येकीला एक इंग्रजी अक्षर. इन्कॉग्निटोने संपलेली बकेट परत भरत नाही.

दोन जागा स्वस्त बकेटमध्ये उरल्यात आणि तुम्ही तिघांसाठी शोधलंत, तर सहसा तिघांनाही वरचं भाडं लागतं. म्हणून आधी एकासाठी शोधून बघा. कमी आलं तर दोघांचं एक आणि तिसऱ्याचं वेगळं बुकिंग करा. मात्र विमान रद्द झालं तर सिस्टीम तिसऱ्याला भलत्याच विमानात बसवू शकते. एअरलाइनला फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडून घ्या. ती नुसती टीप असते, हमी नव्हे.

दोन साइटवर एकाच विमानाचं भाडं वेगळं दिसण्यामागे एनडीसीही असतं. आयएटीएने २०१२ मध्ये आणलेल्या या पद्धतीत एअरलाइन स्वतःच्या सिस्टीममधून थेट भाडं पाठवते. जी साइट अजून फक्त जुन्या जीडीएसवर आहे तिला ते दिसतच नाही.

ट्रान्झिट_गेट
बदल करायचा तर ज्याने विकलं त्याच्याशी बोला. प्रवास सुरू होईपर्यंत बऱ्याच एअरलाइन एजंटच्या तिकिटाला हात लावत नाहीत. वेळ बदलल्याचा मेल आला की नुसतं ‘मान्य’ दाबून थांबू नका. नोंदीत नवं विमान येतं, पण तिकिटाचं कूपन (तिकिटातला एका विमानापुरता भाग) जुन्याच विमानावर राहू शकतं. एजंटने तिकीट पुन्हा जुळवलं नाही तर सगळं ठीक दिसतं आणि ऑनलाइन चेक-इन अडतं. म्हणून दोन दिवसांनी विचारा: तिकीट रीइश्यू झालं का, कूपन ‘ओपन’, म्हणजे वापरता येण्याजोगं, आहे का?

रिफंडलाही हाच रस्ता. काही साइट एअरलाइनला स्वतःच्या व्हर्च्युअल कार्डाने पैसे देतात. एअरलाइन ‘रिफंड केला’ म्हणते तेव्हा पैसे त्या कार्डावर गेलेले असतात, तुमच्या नव्हे. एअरलाइनने रिफंड केल्याची तारीख लिहून घ्या आणि मग साइटच्या मागे लागा.

वाटाड्या_१७
नंबर सापडले. पण दोन आहेत, आणि पहिले तीन आकडे वेगळे.

कूपन_ओपन
मग ते जोडतिकीट नाही, दोन स्वतंत्र तिकिटं आहेत. एका तिकिटात दोन एअरलाइनची विमानं असली तरी चार कूपनपर्यंत नंबर एकच असतो. बुकिंगच्या पानावर कुठेतरी बारीक अक्षरात ‘सेल्फ ट्रान्सफर’, म्हणजे विमान बदलायची जबाबदारी तुमची, असं लिहिलेलं असेल. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी एअरलाइन तुम्हाला नो-शो, म्हणजे न आलेला प्रवासी, धरेल. सामान बहुधा मधल्या विमानतळावर घेऊन पुन्हा जमा करावं लागेल, आणि त्यासाठी इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागलं तर त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. तो आत्ताच तपासा. साइटने हुकलेल्या विमानाची हमी विकली असेल तर ती साइटची आहे. विमानतळावरच्या काउंटरवर तिला कोणी विचारणार नाही.