डेटाबेसमधील फंक्शनच्या युनिट टेस्ट एकमेकींच्या नोंदींमुळे अपयशी ठरतात, उपाय काय?

प्रश्न (जळगाव):
नमस्कार. जिनिंगसाठीच्या कापूस खरेदीचा हिशेब आम्ही पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीवर ठेवतो. गाडीचे वजन, ओलावा आणि त्यानुसारची कटती हे सर्व डेटाबेसमधील एकच फंक्शन ठरवते: ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असल्यास कटती नाही, त्यापुढे भाव उतरतो. या फंक्शनच्या युनिट टेस्ट (एकेक भाग स्वतंत्रपणे तपासणाऱ्या छोट्या चाचण्या) सर्वांच्या सामायिक डेटाबेसवर चालत असल्याने एकीने घातलेली गाडी दुसरीच्या बेरजेत येते आणि सकाळी यशस्वी झालेली टेस्ट कोड न बदलताही दुपारी अपयशी ठरते. सहकारी आता अपयशी निकालाकडे पाहीनासे झाले आहेत, याची मला अधिक चिंता वाटते. वेगासाठी एसक्यूलाइट या हलक्या डेटाबेसवर टेस्ट चालवाव्यात काय?

उत्तर (भुसावळ):
एसक्यूलाइटवर आपले पीएल/पीजीएसक्यूएल (पोस्टग्रेएसक्यूएलची स्वतःची भाषा) फंक्शन चालणारच नाही, त्यामुळे ज्याची परीक्षा घ्यायची तेच बाहेर राहील. पोस्टग्रेएसक्यूएलमध्येच टेस्ट लिहिण्याचे पीजीटॅप हे साधन वापरावे. प्रत्येक टेस्ट फाइल बिगिनने (ट्रान्झॅक्शन म्हणजे बदलांचा एक गट सुरू करणारी आज्ञा) सुरू करून रोलबॅकने (ते बदल रद्द करणारी आज्ञा) संपवावी आणि लागणारे शेतकरी, गाड्या व भाव त्याच फाइलमध्ये घालावेत. आधीपासून पडून असलेल्या नोंदींवर कोणतीही टेस्ट विसंबू नये. सर्व फाइली पीजी_प्रूव्ह या आज्ञेने एकत्र चालवता येतात.

टेस्ट कशाची लिहावी, हे मात्र त्याहून महत्त्वाचे आहे. नेमका ८ आणि ८.१ टक्के ओलावा तर तपासावाच, पण ओलावा भरायचा राहून गेला तर काय होते, हे आवर्जून पाहावे. अशा वेळी ‘ओलावा > ८’ या तुलनेचे उत्तर खरे नसते आणि खोटेही नसते, ते नल (मूल्यच नाही) असते. फंक्शनमधील आयएफची (‘जर’ या अटीची) कटती लावणारी शाखा वगळली जाते आणि ओला कापूस विनातक्रार पूर्ण भावाने खरेदी होतो. अशी गाडी हिशेबात पुढे शोधणे फार कठीण जाते.

उत्तर (धुळे):
वरील पद्धत योग्य आहे, परंतु रोलबॅकने सर्व काही पूर्ववत होते असे समजू नये. सिक्वेन्सचा (आपोआप पुढचा क्रमांक देणाऱ्या सोयीचा) वापरलेला क्रमांक परत येत नाही, म्हणून पावती क्रमांक ‘१’ असावा अशी अपेक्षा टेस्टमध्ये लिहू नये. चालू वेळ देणारे नाऊ() हे फंक्शन संपूर्ण ट्रान्झॅक्शनभर एकच वेळ देते, त्यामुळे बदलाची वेळ नोंदवणारा ट्रिगर (नोंद बदलताच आपोआप चालणारा कोड) बिघडल्यासारखा भासतो. कमिटपर्यंत (बदल कायम होईपर्यंत) पुढे ढकललेली बंधने (नोंदींनी पाळायचे नियम) तर रोलबॅकमुळे कधीच तपासली जात नाहीत. त्यासाठी टेस्टच्या शेवटी ती बंधने लगेच तपासणारी ‘सेट कन्स्ट्रेंट्स ऑल इमिजिएट’ ही आज्ञा द्यावी. प्रत्येकासाठी स्वतंत्र डेटाबेस हवा असल्यास स्कीमा (तक्त्यांची रचना) तयार असलेला एक टेम्प्लेट (नमुना डेटाबेस) ठेवून त्यावरून नवा डेटाबेस काढावा, मात्र त्या वेळी टेम्प्लेटला दुसरे कोणीही जोडलेले असता कामा नये.

प्रश्नकर्ता (जळगाव):
दोघांचेही मनःपूर्वक आभार. ओलाव्याच्या रकान्याला नॉट नल (रकाना रिकामा ठेवण्यास मनाई) हे बंधन लावले, तर ती टेस्ट अनावश्यक ठरेल काय?

उत्तर (भुसावळ):
गाडीची नोंद आधी वजनकाट्यावर होऊन ओलावा नंतर मोजला जात असेल, तर तो रकाना काही काळ रिकामा राहणारच. तेथे नॉट नल लावल्यास काट्यावरचा माणूस अडकेल आणि शून्य भरून मोकळा होईल. त्यापेक्षा भाव काढणाऱ्या फंक्शनने ओलावा नसल्यास स्पष्ट त्रुटी द्यावी आणि ती मिळते की नाही हे पीजीटॅपमधील थ्रोज_ओके वापरून तपासावे. सामायिक डेटाबेसवरील जुन्या टेस्ट हलवताना हीच टेस्ट सर्वांत आधी लिहावी, असे मी सुचवेन.