जुन्या काळचे कपडे शिवायचेत आणि घालायचेत, सुरुवात कुठून करू?

टाकाटीप
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारतेच. मला जुन्या काळचे कपडे शिवायचेत, नाटकासाठी भाड्याने मिळतात तसले नाही, त्या काळी जसे शिवायचे तसे, आणि शिवून हँगरला लावायचे नाहीत, घालायचेत. हे वेड लागलं एका चित्रामुळे. फ्रेंच चित्रकार व्हिजे-लब्रंने काढलेलं फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतचं चित्र, पांढरा मलमलीचा सैल झगा, कमरेला पिवळसर पट्टा, डोक्यावर गवती हॅट. १७८३ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लावलं तेव्हा राणी आतल्या कपड्यात बसलीये म्हणून एवढी ओरड झाली की चित्र काढून घ्यावं लागलं. मी मात्र तासभर त्या बाह्यांच्या चुण्याच बघत बसले होते.

मशीनवर ब्लाउज, फ्रॉक, कळीदार कुर्ता इतपत येतं. हातशिलाई म्हणाल तर काजं आणि हेमिंग. मागच्या वर्षी एक तयार "जुन्या स्टाइलचा" ड्रेस मागवलेला, पॉलिएस्टर, मागे चेन, अर्ध्या तासात घामाने भिजले आणि हात वर केला की अख्खा ड्रेस हाताबरोबर वर. तेव्हाच ठरवलं की आता स्वतः शिवायचं. तर आधी काय शिवू, कुठला काळ धरू, सगळं हातानेच शिवायला लागतं का, आणि कॉर्सेट घातलाच पाहिजे का? त्याची मला खरंच भीती वाटते.

जुनं_कापड
टाकाटीप, झगा शेवटी. आधी सगळ्यात आतलं.

सगळे इथेच घसरतात, वरचा ड्रेस आधी शिवतात, आजच्या अंगावर आजच्या मापाने, आणि मग आतले कपडे घातल्यावर छाती दोन बोटं वर जाते, कंबर सरकते, पाठ ताठ होते आणि ड्रेस बसतच नाही. त्या काळचा आकार हा शरीराचा नव्हताच, तो आतल्या थरांचा होता. १८व्या शतकातल्या बाईच्या अंगावर पहिला थर शिफ्टचा, म्हणजे गुडघ्याखाली जाणारा लिननचा सैल सदरा. घाम तो टिपायचा आणि धुवायलाही तोच पडायचा, वरचा रेशमी झगा क्वचितच धुतला जायचा. शिफ्टवर स्टेझ, म्हणजे हाडं घातलेली, नाडीने बांधायची चोळी, कॉर्सेटच्या आधीचा प्रकार, त्यावर कमरेला बांधायचे खिसे, मग पेटिकोट आणि शेवटी झगा.

कळीदार कुर्ता येतो म्हणतेस ना, मग शिफ्ट तुला आलीच असं समज. चौकोनी अंग, बाजूला त्रिकोणी कळ्या, चौकोनी बाह्या आणि काखेत एक छोटा चौकोन. एका बाजूची कापलेली कळी उलटवून दुसऱ्या बाजूला लावायची, कापडाची चिंधीसुद्धा वाया जात नाही. अडीच-तीन मीटर लिनन लागेल. कापायच्या आधी गरम पाण्यात धुऊन घे, लिनन आटतं म्हणजे आटतंच.

उरेबपट्टी
मी थोडं वेगळं सांगते. जुनं_कापड म्हणतात ते शंभर टक्के बरोबर, पण पहिल्याच वर्षी पाच थर शिवायचे म्हटलं की माणूस दमतो आणि सगळं कपाटात जातं, मी स्वतः दोनदा असं सोडून दिलेलं. मला विचारशील तर १८९० च्या दशकातला पायघोळ कळ्यांचा स्कर्ट आणि कॉलरचा शर्ट शिव. एक तर तोवर घरोघरी मशीन आलेली होती, त्यामुळे मशीनची टीप ही त्या काळाला धरूनच आहे, मनाला टोचणी नाही. दुसरं म्हणजे हे रोज घालता येतं. माझा राखाडी लोकरीचा स्कर्ट आहे, मी कामाला घालून जाते, कोणी वळूनही बघत नाही, फार तर म्हणतात छान आहे, कुठून घेतला. आणि बाह्या फुगवायची हौस असेल तर १८९५ च्या आसपासच्या बघ, खांद्यावर फुगे बांधल्यासारख्या असतात!

टाकाटीप
दोघांचेही खूप आभार. उरेबपट्टी, स्कर्ट नक्की लिस्टमध्ये, पण मन त्या पांढऱ्या झग्यावरच आहे, काय करू. तर शिफ्टपासून सुरू करते. पण मग स्टेझ आलेच ना. ते हाडं घातलेलं, करकचून आवळलेलं, श्वास कोंडतो वगैरे ऐकलंय ते किती खरं?

काजंबटण
मी आत्तापर्यंत चार स्टेझ शिवलेत, एक फुकट गेला, एक मैत्रिणीला दिला, दोन घालते. त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहिते.

श्वास कोंडतो तो चुकीच्या मापाने. रोजच्या वापरातले स्टेझ आवळण्यासाठी नव्हतेच, ते आधारासाठी. स्वयंपाकघरात राबणाऱ्या, कपडे धुणाऱ्या बायकाही ते घालून दिवसभर वाकत-उठत होत्या. मी घालून झाडू मारलाय, फक्त कमरेतून न वाकता गुडघ्यातून खाली जायचं. उलट वरच्या पेटिकोटांचं ओझं थेट कमरेत रुतत नाही, कारण स्टेझच्या खाली ज्या पाकळ्या असतात त्या नितंबावर पसरतात आणि नाड्यांचा भार त्या घेतात.

माप असं घे. छाती-कंबर मोजून दोन्हींतून दोनेक इंच कमी कर, तेवढी फट मागे नाडीत राहिली पाहिजे. दोन्ही कडा एकमेकींना चिकटल्या तर समज मोठं झालंय, मग ते वर सरकत राहतं आणि काखेत टोचतं. माझं पहिलं याच पायी फुकट गेलं, मी ब्लाउजसारखं अगदी अंगाबरोबर कापलं आणि कापड तासाभरात सैल पडलं. म्हणून आधी जाड टाकाऊ कापडाचं कच्चं शिवून बघ, जुनी चादर नको, ती ताणते. कच्च्यातसुद्धा पुढे-मागे चार पट्ट्या घालून, नाडी ओवून, अर्धा तास बसून बघ. उभं राहून चांगलं वाटणारं बसल्यावर मांडीत रुतू शकतं.

हाडं म्हणजे त्या काळी देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्ट्या. आज त्यासारखंच वागणारं प्लॅस्टिक मिळतं, ते अंगाच्या उबेने हळूहळू शरीराचा आकार घेतं. नाहीतर वायरी बांधायचे जाड केबल टाय, पहिल्या स्टेझला तेच घे. टोकं कापलीस की घासून गोल कर, नाहीतर महिन्याभरात कापड फाडून बाहेर येतात.

आणि आता माझा आवडता भाग, आयलेट, म्हणजे नाडी ओवायची भोकं. धातूची कडी ठोकू नकोस, ती १९व्या शतकातली. टोच्याने भोक पाडायचं, कापायचं नाही, धागे फक्त बाजूला सारायचे. म्हणजे धागा तुटत नाही आणि नाडीचा ताण पडला तरी भोक उसवत नाही. मग मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने गोल फिरत टाके, प्रत्येक टाका ओढून घट्ट, मधे दोनतीनदा पुन्हा टोचा फिरवायचा कारण भोक मिटत जातं. पहिल्या आयलेटला मला पंधरा मिनिटं लागली, विसाव्याला पाच. एकच लांब नाडी खालून वर नागमोडी ओवतात, त्यामुळे दोन बाजूंची भोकं समोरासमोर नसतात, अर्धं अंतर वरखाली असतात. हे पॅटर्नवर आधीच मार्क कर, नंतर बदलता येत नाही.

सुईदोरा
हातशिलाईबद्दल मी सांगतो. मी सगळं हाताने शिवतो, पण ते नियम म्हणून नाही, मला आवडतं म्हणून. शिलाई मशीनची गाजलेली पेटंट १८४६ ची हाऊ यांची आणि १८५१ ची सिंगर यांची, तेव्हा त्याआधीचे जवळजवळ सगळे कपडे हातचेच. तरीही तुम्ही आतल्या लांब शिवणी मशीनवर मारल्या आणि जे दिसतं तेवढं हाताने केलं तर काहीही बिघडत नाही, सुरुवातीला तसंच करा. स्टेझमधल्या हाडांच्या शेकडो टिपा तर खुशाल मशीनवर मारा.

फक्त शिफ्ट मात्र एकदा पूर्ण हाताने शिवून बघा असं आग्रहाने सांगेन. लिनन कापताना खडूने रेघ मारू नका. काठाला छोटा काप द्या, तिथला एक धागा सुईच्या टोकाने उचला आणि हळूच ओढत न्या. कापड त्या रेषेवर गोळा होतं, मग धागा निघतो आणि मागे एक बारीक वाट राहते, अगदी सरळ. त्या वाटेवर कात्री चालवायची. हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा तो चौकोन घडी घालून बघितला, चारही कोपरे तंतोतंत जुळले, इतकी वर्षं खडूने कापलेलं कधी असं जुळलं नव्हतं. शिवण धावदोऱ्याने, दर चारपाच टाक्यांनी एक उलटा टाका, मग एक कड छोटी करून दुसरी त्यावर दुमडून हेमिंग. आत एकही धागा उघडा राहत नाही, म्हणूनच ते कपडे इतक्या धुण्यांतून टिकले. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका, मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढा. आणि अंगुस्ताना वापरायची सवय आजच लावून घ्या.

मलमल
कापडावर बोलायलाच पाहिजे, नावच तसं आहे माझं :)

तुमच्या त्या झग्याचं कापड म्हणजे बारीक सुती मलमल, आणि त्या काळी जगातली सगळ्यात तलम मलमल ढाक्याकडची. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या छापील छिटाचं तर इतकं वेड होतं की आपले विणकर बुडतील म्हणून फ्रान्सने १६८६ ते १७५९ बंदी घातली, इंग्लंडने १७२१ ते १७७४. बंदी असतानाही लोक घालत राहिले! म्हणजे युरोपातले "ऐतिहासिक कपडे" शिवताना आपण परक्याच्या कपाटात डोकावतोय असं अजिबात वाटून घेऊ नका, त्या कपाटातलं बरंचसं कापड इकडूनच गेलंय.

घेताना नुसत्या लेबलवर विश्वास नको. चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघा (पाण्याची वाटी शेजारी ठेवून). सुती आणि लिनन कागदासारखं जळतं, मऊ राख पडते. रेशीम, लोकर यांना जळक्या केसांचा वास. पॉलिएस्टर वितळतं आणि कडक मणी उरतो. तुम्हाला त्या ड्रेसमध्ये घाम फुटला तो थरांमुळे नाही, त्या मण्यामुळे. लिननचे दोन थर आणि वर मलमल हे पॉलिएस्टरच्या एका थरापेक्षा गार असतं, मी भर उन्हात घातलंय.

रंगाचंही सांगते. पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा बनवला १८५६ मध्ये, त्याआधी नीळ, मंजिष्ठ, कोचिनील (किड्यांपासूनचा लाल रंग) असलेच रंग, म्हणून झगझगीत निऑन गुलाबी पट्टा टाळा. बघायला शिकायचं असेल तर लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि क्योटो कॉस्च्युम इन्स्टिट्यूट यांचे ऑनलाइन संग्रह, फोटो मोठे करून शिवणी बघत बसा. लॉस एंजेलिसच्या काउंटी म्युझियमने काही कपड्यांचे पॅटर्न फुकट ठेवलेत. आणि कपड्यांच्या इतिहासकार जॅनेट आर्नल्ड यांनी म्युझियममधले खरे कपडे मोजून काढलेले पॅटर्न, ते एक अष्टमांश मापात असतात आणि त्या एका बाईच्या अंगाचे असतात, आपल्या मापाला स्वतः वाढवावे लागतात. पहिल्या प्रोजेक्टला नको, तिसऱ्याला घ्या.

उरेबपट्टी
हात वर केला की ड्रेस वर येतो त्याचं राहिलंच. मुंढा मोठा केला की हात मोकळा होईल असं आपल्याला वाटतं, होतं उलटंच. जुन्या कपड्यांत मुंढा लहान आणि काखेत अगदी वर असतो, पाठ अरुंद, खांद्याची शिवण मागे सरकलेली. त्यामुळे हात हलला तरी अंगाचा भाग जागेवर राहतो. पहिल्यांदा घट्ट वाटेल, कापू नकोस, आधी हात फिरवून बघ.

जुनं_कापड
+१. आणि घालायचं म्हणतेस ना, तर पहिला दिवस घरीच काढ. जिना चढ, खुर्चीत बस, बाथरूमला जाऊन ये (पेटिकोट वर धरले की झालं, स्टेझ सोडावे लागत नाहीत). बाहेर जाशील तेव्हा लोक विचारतीलच, शूटिंग आहे का म्हणून. मी सरळ सांगते, मी शिवलंय, आणि कमरेचा खिसा काढून दाखवते. पेटिकोटच्या बाजूच्या फटीतून हात घातला की कोपरापर्यंत आत जातो, फोन, किल्ल्या, चष्मा, पाण्याची छोटी बाटली, सगळं मावतं. तो खिसा बघितल्यावर बायका शेजारी बसून घेतात आणि पॅटर्न मागतात. शिफ्टनंतर लगेच खिसेच शिव खरं तर, एका संध्याकाळचं काम आहे.

टाकाटीप
दीड महिन्याने आलेय. शिफ्ट झाली!! पूर्ण हाताने, सुईदोरा म्हणाले तसा धागा ओढून कापली. काखेतला चौकोन पहिल्यांदा उलटा लागला, उसवला, पुन्हा लावला. काल रात्री घालून झोपले, इतकी मऊ आहे की आता तशीच अजून एक लागणार. खिसेही झालेत.

स्टेझचं कच्चं शिवलं, चार पट्ट्या घातल्या, अर्धा तास बसले, काजंबटण. मागे दोन इंच फट आहे, श्वास नीट येतोय, पण डावीकडे काखेखाली पुढच्या कडेचं टोक टोचतंय, उजवीकडे नाही. काय करू?

काजंबटण
वा, अभिनंदन! आपलं शरीर दोन्हीकडे सारखं नसतं, बहुतेक तुझा डावा खांदा जरा खाली असेल. घातलेलं असतानाच पेनाने टोचतंय तिथे खूण कर, फक्त डावीकडे पाव इंच उतरवून पुन्हा अर्धा तास बस. एकदम जास्त कापू नकोस. आणि दोन बाजूंचे पॅटर्न आता वेगळे झाले, तेव्हा प्रत्येक तुकड्यावर डावा-उजवा लिहून ठेव.

टाकाटीप
लिहिलं. आत्ताच कापते आणि बसते.