वरचा मजला रात्री २ पर्यंत तापलेला, काय करू? (सोलापूर)

तापलेलातवा: उपाय लवकर सांगा, घरात झोपवत नाही. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, संध्याकाळी भिंतीला हात लावला तर इस्त्रीसारखी लागते. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो गच्चीवर पत्र्याची शेड मारा, दुसरा म्हणतो पांढरा पेंट. एसी दीड टनाचा आहे पण रात्रभर चालवून बिल बघितलं की घाम फुटतो. काय करू?

कोबावाला: गच्ची किती फुटाची? वर आत्ता काय आहे, कोबा की नुसता स्लॅब? गळतं का? खोल्या पश्चिमेला आहेत का? एवढं न सांगता उपाय कसा सांगायचा.

सावली_शोधक: शेडच मारा. मी मारली, फरक पडला, विषय संपला.

उन्हाळी_पाहुणा: शेड मारली की बायकांनी कुरडया-पापड कुठे वाळवायचे?? पुण्यात आमच्या सोसायटीत यावरूनच भांडणं झाली होती, लिफ्टमध्ये सुद्धा बोलत नव्हते एकमेकांशी.

तापलेलातवा: कुरडयांचा प्रश्न खराच आहे, आईने शेडला आधीच नाही म्हटलंय 😀 गच्ची ९०० फूट, नुसता स्लॅब, खोल्या पश्चिमेलाच. एका कोपऱ्यात गळतं पण तो वेगळा विषय आहे.

कोबावाला: अहो वेगळा कसा?? गळक्या स्लॅबवर पेंट मारलात तर पुढच्या पावसात पोपडे निघणार. आधी गळती, मग ढाळ, मग पांढरं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो, तुमचा एसी त्या स्लॅबशी कुस्ती खेळतोय. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो. पैसे असतील तर कोबा करून वर चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं, फक्त वजन स्लॅबला झेपेल का ते इंजिनिअरला विचारा. नसतील तर चुना, पण पावसात धुऊन जातो, दर मार्चला परत मारायचा.

धाब्याचा_नातू: आमच्या गावच्या माळवदाच्या घरात भर मे महिन्यात पांघरूण घेऊन झोपायचो. मातीचा जाड थर होता वर. पाडलं आणि स्लॅब टाकला, आता बोंबला.

कोबावाला: माळवदाला दर पावसाळ्याआधी माती लागायची, ते विसरलात वाटतं.

सूर्यभक्त: सोलर बसवा! पीएम सूर्यघरमध्ये ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे.

तापलेलातवा: सोलर मी विचारलंच नव्हतं.

सूर्यभक्त: पॅनेलखाली सावली पडते की! तेवढा स्लॅब कमी तापतो.

सावली_शोधक: कूलर घ्या सरळ, कोरडी हवा आहे तुमच्याकडे.

तापलेलातवा: पाच दिवसांनी नळ येतो आमच्याकडे, कूलरला पाणी कुठून आणू.

थेंबमोजणी: मग हे ऐका. ९०० फूट म्हणजे ८४ चौरस मीटर. एक मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. वर्षाला ५०० मिमी जरी धरला तरी ४२ हजार लिटर, वाया जाणारं सोडून ३३ हजारांच्या आसपास हातात. ढाळ नीट केला की एका पाइपने टाकीत किंवा बोअरच्या शोषखड्ड्यात, पहिल्या सरीचं पाणी मात्र सोडून द्यायचं, त्यात धूळ आणि चुना असणार. आणि टाकी काळी असेल तर तीही पांढरी रंगवा, दुपारी नळाला चहाचं पाणी येत असेल!

कोबावाला: आधी ३ बाय ३ फूट चुना मारा आणि दुपारी २ वाजता अनवाणी उभे राहा. कळेल.

तापलेलातवा (चार दिवसांनी): केलं. पांढऱ्यावर आरामात उभं राहता येतं, बाजूला पाय टाकला की उडी मारतो माणूस. आईने तिथेच शेवया वाळत घातल्यात. टाकी काळीच होती, तीही रंगवली. गळतीवाला आला होता, म्हणाला पाऊस झाल्यावर बघू, गळतंय कुठून ते तेव्हाच कळेल. बरोबर सांगतोय का टाळतोय?

कोबावाला: टाळतोय. त्या कोपऱ्याला मातीचा बांध घाला, बादलीभर वापरलेलं पाणी ओतून रात्रभर ठेवा, खाली ओल कुठे येते बघा. दुसरा माणूस शोधा.