‘डार्क’ सुपरहिरोला मराठीत काय म्हणायचं?

तापीकाठ (जळगाव)

खानदेशी मंडळी, एका दिवाळी अंकासाठी सिनेमावर लेख पाठवला होता, तो परत आलाय. मजकुराबद्दल तक्रार नाही, एका शब्दाबद्दल आहे. मी सगळीकडे ‘गडद सुपरहिरो’ लिहिलं होतं. संपादकांनी समासात शेरा मारलाय: ‘रंग गडद असतो. माणूस गडद कसा?’

पहिल्यांदा राग आला, मग पटलं. आपण ‘गडद निळा’ म्हणतो, ‘गडद सावली’ म्हणतो, पण ‘आमचा शेजारी फार गडद आहे’ असं कोणी म्हणत नाही. मग बॅटमॅनच्या 2008 सालच्या सिनेमाला, सुपरमॅनच्या 2013 सालच्या सिनेमाला आणि बॅटमॅनच्या शत्रूवरच्या 2019च्या ‘जोकर’ला जे एकच ‘डार्क’ विशेषण चिकटवतात, त्याला मराठीत काय म्हणावं?

लेखाचा विषयही सांगतो, म्हणजे शब्द सुचवायला बरं. आमच्या घरातच या सिनेमांवरून दोन तट आहेत. मेहुणे ख्रिस्तोफर रीव्हच्या सुपरमॅनवर वाढलेले, 1978चा तो पहिला. भाचा वीस वर्षांचा. 2025 साली नवा सुपरमॅन आला, लाल चड्डी परत आली, सोबत उडणारा कुत्रा. मेहुणे खूश. भाचा म्हणाला, ‘‘मामा, हे तर कार्टून झालं.’’ दोघंही सुपरमॅनवर जीव टाकणारे, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याने त्याची वाट लावली.

केळीबाग (रावेर)

काळोखा? काळोखी नायक?

‘अंधारा’ चालणार नाही, ती खोली असते. ‘अंधारी’ तर उन्हातून आल्यावर डोळ्यांपुढे येते.

तापीकाठ

‘काळोखी’ वाईट नाही, पण त्यातून पडद्यावर उजेड कमी आहे एवढंच कळतं. प्रकाशयोजनेला चालेल, माणसाला नाही.

‘काळा’ही करून पाहिला. ‘काळा पैसा’, ‘काळा बाजार’ जमतं, पण माणसाला काळा म्हटलं की आपल्याकडे फक्त कातडीचा रंग कळतो. आणि ज्यांचा विठोबाच काळा, त्यांच्याकडे काळेपणाने भीती कशी वाटावी?

भुसावळ जंक्शन

शब्द नंतर बघू भो, आधी एक गोष्ट साफ करा. बॅटमॅनला कोणी ‘डार्क केलं’ हे म्हणणंच चूक आहे. तो 1939 साली आला तोच रात्रीचा. पहिल्याच गोष्टीत गुन्हेगार ॲसिडच्या हौदात पडून मरतो आणि आपले साहेब म्हणतात, बरं झालं. सुरुवातीच्या काही गोष्टींत तर त्याच्याकडे पिस्तूलही आहे. पुढे 1954 साली अमेरिकेत कॉमिक्सवाल्यांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि सगळेच सोज्वळ झाले. 1966च्या टीव्ही मालिकेत तर बॅटमॅन चक्क विनोदी होता. 1986 साली कॉमिक्सकार फ्रँक मिलरने त्याला म्हातारा आणि कडवट करून परत रात्रीत नेला, तेव्हा लोक ओरडले की मूळ बॅटमॅन बिघडवला. कोणता मूळ? ज्याने लहानपणी जो पाहिला तो त्याचा मूळ.

सुपरमॅनही 1938 साली काही संत नव्हता. पहिल्याच अंकात बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धरून आपटतो.

अमळनेरचा मास्तर

जंक्शन यांचा मुद्दा शब्दांनाही लागू पडतो. मूळ अर्थ एक आणि रूढ अर्थ दुसरा. ‘साहस’ घ्या. आज आपण मुलांना साहसकथा वाचायला देतो. मनुस्मृतीत मात्र ‘साहस’ हे फिर्यादीच्या अठरा विषयांपैकी एक आहे, चोरीच्या पंगतीत बसलेलं. बळजबरीने केलेला गुन्हा म्हणजे साहस. आता कोणी ‘मूळ अर्थाने वापरतो’ म्हणून दरोड्याला साहस म्हणू लागला, तर त्याचं चुकलं नाही आणि तरी ऐकणारा बिचकेलच. बिचकणाऱ्यालाही वेड्यात काढता येत नाही.

तापीकाठ, तुम्ही नायकाला विशेषण शोधताय, तर ती सोय आपल्याकडे जुनी आहे. विश्वनाथाने चौदाव्या शतकात ‘साहित्यदर्पणा’त नायकाचे चार प्रकार सांगितले. त्यांतले दोन तुमच्या कामाचे. धीरोदात्त: बढाई न मारणारा, क्षमाशील, अतिगंभीर, दृढव्रत, आणि ‘निगूढमान’, म्हणजे आपला अभिमान झाकून ठेवणारा. (चष्मा लावून वर्तमानपत्राच्या कचेरीत खाली मान घालून बसणारा सुपरमॅन, असं भाष्य मी वर्गात जोडायचो. पोरं जागी व्हायची.) उदाहरण दिलंय राम आणि युधिष्ठिर. दुसरा धीरोद्धत: मायावी, उग्र, चंचल, दर्पाने भरलेला. उदाहरण भीम.

भीम दुःशासनाचं रक्त पितो. ‘वेणीसंहार’ नाटकात रक्ताने माखलेल्या हातांनी द्रौपदीची वेणी घालतो. शतकानुशतकं लोक ते बघत आलेत, आमचा भीम बिघडवला म्हणून कोणी उठून गेल्याचं ऐकलं नाही, कारण भीम तसाच आहे हे आधीपासून ठाऊक होतं. तेच रामाच्या हातून दाखवून बघा! बॅटमॅनचा भीम झाला तर चालतं, सुपरमॅनचा झाला की अर्धं थिएटर नाराज होतं, ते यामुळे.

एक सूचना. कोणी ‘प्रतिनायक’ सुचवेल, तो घेऊ नका. अलीकडे वापरतात, पण शास्त्रात प्रतिनायक म्हणजे नायकाचा शत्रू. रामाचा प्रतिनायक रावण.

तापीकाठ

सर, ‘निगूढमान’ लेखात घालतोय, रागावू नका.

पण भीमाने माझं पूर्ण समाधान होत नाही. 2013 साली जळगावला थिएटरात हाच भाचा मांडीला मांडी लावून बसला होता, तेव्हा आठ वर्षांचा. शेवटी झॉड नावाचा खलनायक एका कुटुंबावर डोळ्यांतली आग सोडत असतो, थांबवूनही थांबत नाही, आणि सुपरमॅन त्याची मान मोडतो. आवाज आला. भाच्याच्या हातातला पॉपकॉर्नचा पुडा तसाच राहिला. मला हळूच विचारलं, ‘‘मामा, सुपरमॅन पण मारतो?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागच्या रांगेतून एक आवाज आला, ‘‘भो, हाऊ ते नुसता रडस!’’ (हा तर नुसता रडतो!), कारण मान मोडल्यावर सुपरमॅन गुडघ्यांवर कोसळून ओरडतो.

गंमत पुढेच आहे. 1980च्या सुपरमॅनमध्येही झॉड शेवटी खोल कपारीत पडून दिसेनासा होतो. सुपरमॅननेच त्याची शक्ती काढून घेऊन फेकलेला असतो. तेव्हा मेहुण्यांनी टाळ्या वाजवल्या असणार. म्हणजे मारणं खुपत नाही. खुपतं ते त्यानंतरचं ओरडणं, मारण्याचं ओझं पडद्यावर आणणं. आणि भाच्याला आज नेमकं तेच आवडतं. ‘‘तो रडतो म्हणून तर खरा वाटतो, मामा.’’ आठव्या वर्षी ज्याने हबकला, तोच आता त्याचा ‘मूळ’ सुपरमॅन. जंक्शन, तुमचं म्हणणं आमच्या घरातच सिद्ध झालं.

भीम काही रडत नाही. म्हणून ‘उद्धत’ हा शब्दही पुरत नाही, सर.

गिरणाकाठ (मालेगाव)

आमच्याकडेही एक सुपरमॅन होऊन गेला. यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत माणूस, शेख नासीर यांच्या सिनेमात तो उडाला. ते कसं घडलं यावर 2008 साली माहितीपटही आला. मूळ सुपरमॅनपासून याच्याइतका लांब कोणीच गेला नसेल, आणि तरी वाट लावली असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. हसवत हसवत बदललं की लोक माफ करतात. गंभीर चेहऱ्याने बदललं की हिशेब मागतात.

केळीबाग

मालेगाव खानदेशात कधीपासून?

गिरणाकाठ

तो वाद वेगळा काढा, इथे नको. जिल्हा नाशिक, बोली विचाराल तर येऊन ऐका.

पऱ्हाटी (यावल)

तापीकाठदादा, इतका वेळ सगळे रंगातच शब्द शोधताय. स्वयंपाकघरात या.

काल भरीत केलं. वांगी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर टाकली. भरताचं वांगं बाहेरून काळं व्हायलाच पाहिजे, साल तडकून सुटली पाहिजे, तरच आत तो धुराचा वास उतरतो. गॅसवर भाजलेलं आमच्या सासूबाई ओठालाही लावत नाहीत. जाळावर छान भाजलं की आपण म्हणतो खरपूस. फोन आला, लक्ष गेलं, आतला गरही गेला, की म्हणतो करपलं. बाहेरून दोन्ही वांगी सारखीच काळी! फोडल्याशिवाय कळत नाही. इंग्रजीवाले बाहेरून बघून दोन्हीला ‘डार्क’ म्हणतात, एवढंच झालंय.

आणि करपणं माणसालाही चालतं, संपादकांना सांगा. करपलेलं बालपण म्हणतो की आपण. पीक करपतं, मन करपतं.

तापीकाठ

ताई, हे मला दोन आठवड्यांत सुचलं नव्हतं.

तुमच्या चुलीपाशीच तिसरा शब्द सापडला: होरपळणं. वांगं होरपळत नाही, माणूस होरपळतो. दुष्काळात होरपळतो, दंगलीत होरपळतो. त्यात त्याचा दोष नसतो, आग आजूबाजूची असते. करपण्यात मात्र कुठेतरी रांधणाऱ्याचं लक्ष चुकलेलं असतं. बॅटमॅन होरपळलेला आहे, लहानपणी डोळ्यांदेखत आईबाप गेले. त्याला त्या आगीसकट दाखवा, कोणी हरकत घेत नाही. सुपरमॅनचं अख्खं जग जळालं खरं, पण तो तान्हा होता, त्याला आच लागली नाही. शेतकऱ्याच्या घरी लाडाकोडात वाढला. त्याला काळा करायचा तर दिग्दर्शकाला स्वतः जाळ लावावा लागतो. भाच्याला त्यात होरपळ दिसते, मेहुण्यांना करपल्याचा वास येतो. सिनेमा एकच.

धरणगावकर

होरपळ आणि करप पटलं. एक आठवण जोडतो, जमली तर घ्या.

आमच्याकडे यात्रेत बारागाड्या ओढतात. बाहेरच्यांसाठी सांगतो: बारा बैलगाड्या एकीला एक जोडतात, वर माणसं खच्चून बसतात आणि भगत त्या ओढतो. त्याच्या दोन्ही बाजूंना आधाराला चालतात ते बगले. आमच्या लहानपणी भगत म्हणजेच सुपरमॅन. वेगळा सुपरमॅन आहे हे फार उशिरा कळलं.

एका वर्षी गाड्या ओढून झाल्यावर मी देवळामागे गेलो, लघवीला. तिथे भगत ओट्यावर बसला होता. गळ्यात हार तसेच, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, कमरेवर दोराचा जांभळा वळ. त्याची बायको वाटीतलं तेल लावत होती आणि तो ‘‘हळू गं’’ म्हणत होता. समोर यात्रेत त्याच्या नावाचा गजर चाललेला. बगल्यांपैकी एकाने मला पाहिलं आणि दटावलं, ‘‘चल पळ, हे बघायचं नसतं.’’

घरी येऊन सांगितलं. वडील म्हणाले, गावात बोलू नको. आजी म्हणाली, ‘‘बिचारा. माणूसच तो, पुढच्या वर्षी त्याच्यासाठी मीच तेल नेते.’’ आणि खरंच नेलं. माझं म्हणाल तर भगत तेव्हापासून जास्त मोठा वाटायला लागला. पण माझ्या मित्राने हेच ऐकलं आणि त्याची बारागाड्या बघण्यातली मजाच गेली, अजून मला बोल लावतो.

देवळामागे कॅमेरा नेणाऱ्या सिनेमाला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. यात कोणी करपवलंही नाही, वळ होताच.

भुसावळ जंक्शन

‘देवळामागचा सुपरहिरो’! लेखाचं शीर्षक मिळालं.

अमळनेरचा मास्तर

धरणगावकर, तुमच्या गोष्टीतला भगत धीरोदात्तच आहे. वळ दाखवल्याने उदात्तपणा जात नाही. वळच नव्हे, भीतीही दाखवा. व्रत मोडलेलं दाखवलं की मग जातो. ‘दृढव्रत’ या शब्दावर सगळं अडतं. सुपरमॅनचं न मारण्याचं व्रत मोडल्यावर तो रडला. भाच्याने रडणं मोजलं, मेहुण्यांनी मोडलेलं व्रत मोजलं.

तापीकाठ

सर, हे तुमच्या नावाने घालतो. ‘जोकर’चं मात्र राहिलं. तो तर नायकच नाही, तरी सिनेमा त्याच्याच बाजूने चालतो. त्याला काय म्हणू?

पऱ्हाटी

त्याला कशाला शब्द शोधता दादा? तो करपलेलाच, आणि कोणी करपवला ते सिनेमा दोन तास दाखवतो.

तापीकाठ

मान्य. लेखात ‘गडद’ सगळीकडून काढला. छायाचित्रणाला ‘काळोखी’ ठेवला (केळीबाग, तुमचाच), बॅटमॅनला ‘होरपळलेला’, सुपरमॅनवर मेहुण्यांच्या बाजूने ‘करपवलेला’ आणि भाच्याच्या बाजूने पुन्हा ‘होरपळलेला’. ‘खरपूस’ कुठे बसतोय ते बघतोय. संपादक म्हणतील, खरपूस समाचार घेतात, खरपूस सुपरहिरो कसा?

पऱ्हाटी

त्यांना एकदा जेवायला बोलवा. वांगी मी पाठवते.

केळीबाग

आणि भाच्याला लेख दाखवू नका. ‘करपवलेला सुपरमॅन’ वाचल्यावर मामाशी बोलायचा नाही.

तापीकाठ

वाचून झालाय त्याचा. त्याने फक्त ‘लाल चड्डी’पुढे प्रश्नचिन्ह काढलंय.