चार रात्री मावशी राहणार आहेत, किती द्यायचे?

वाकडची_आई

नमस्कार मंडळी, जरा पटकन सल्ला हवाय, घोळ झालाय डोक्यात. माझी लेक ३ वर्षांची. तिला सांभाळायला मावशी येतात, दोन वर्षं झाली, सोम ते शनि सकाळी ९ ते संध्याकाळी साडेसहा, महिन्याला १६,००० देतो. आता पुढच्या महिन्यात मला ऑफिसच्या कामाने सिंगापूरला जायचंय आणि नेमकं त्याच आठवड्यात नवऱ्याचं चेन्नईला गो-लाइव्ह (नवीन सिस्टिम सुरू करायची), दोघांपैकी कोणाचंच हलत नाहीये. बुधवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परत. सासूबाई नाशिकहून येतायत पण डिसेंबरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, लेकीच्या मागे धावणं, उचलून घेणं शक्यच नाही. म्हणून मावशींना विचारलं, चार रात्री राहाल का. त्या म्हणाल्या, "राहते की ताई, त्यात काय." पैशाचं विचारलं तर म्हणे, "तुम्ही द्याल ते."

आता हे "तुम्ही द्याल ते"च मला अवघड जातंय. नवरा म्हणतो रात्रीचे ५००, म्हणजे एकूण २,०००, कारण रात्री मुलगी झोपलेलीच असते. मैत्रीण म्हणते एका रात्रीचे २,०००. तुम्ही लोक काय देता? आणि रविवार त्यांची सुट्टी असते, त्याचं वेगळं धरायचं का?

वरणभात_तूप

आम्ही मागच्या वर्षी तीन रात्रींसाठी १,००० प्रत्येकी दिले होते, पगार सोडून. जेवणखाण आपलं. रविवार वेगळाच धरायचा, त्यात प्रश्न कसला?

कोथरूडकर

एवढे नका देऊ हो. एकदा दिलं की तोच रेट होतो, मग सोसायटीत सगळ्यांना द्यावे लागतात. आमच्याकडच्या बाई घरच्यासारख्या आहेत, आम्ही गावाला गेलो की राहतात, आम्ही येताना साडी आणतो, त्या खूश असतात. सगळ्यात पैसा आणलाच पाहिजे असं नाही. शिवाय एसीत झोपायचं, टीव्ही आहे, जेवण आहे.

सुपलीभर

कोथरूडकर, तुमच्या "घरच्यासारख्या" बाईंच्या घरी त्या रात्री कोण होतं ते कधी विचारलंत का?

माझी आई तेवीस वर्षं लोकांची मुलं सांभाळायची. डेक्कनला. तिच्या मालकीणबाई अधूनमधून म्हणायच्या, दोन दिवस राहशील का गं, आणि आई राहायची, कारण नाही म्हटलं तर काम जाईल ही भीती. आम्ही दोघं भावंडं शेजारच्या काकूंकडे जेवायचो, भाऊ दम्याचा पेशंट, रात्री पंप कुठे ठेवलाय ते मला पाठ होतं, मी तेव्हा चौथीत. आईला त्या रात्रींचे कधी शंभर, कधी साडी, कधी जुना मिक्सर. साडी वाईट नसते हो, पण साडीने किराणा येत नाही. आणि "तुम्ही द्याल ते" म्हणजे मला चालेल असं नसतं, मला तोंडाने मागता येत नाही असं असतं.

अवांतर: १९८० साली याच पुण्यात मोलकरणींनी संप केला होता, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारी सुट्टी, दिवाळीला बोनस, या गोष्टी आज आपण "आम्ही देतो" म्हणून कौतुकाने सांगतो, त्या बायकांनी भांडून मिळवल्यात.

कोथरूडकर

मी काही कोणावर जबरदस्ती करत नाही. असो.

आकडेमोड

भावना बाजूला ठेवून हिशोब करू. १६,००० भागिले २६ दिवस म्हणजे ६१५ रुपये रोज. साडेनऊ तासांचे ६१५ म्हणजे तासाला ६५ च्या आसपास (हे बघून मलाच जरा कसंतरी झालं, आपण पार्किंगला याहून जास्त देतो).

आता रात्र म्हणजे साडेसहा ते सकाळी ९, साडेचौदा तास. त्यातले मूल जागं असतानाचे तास मोजा. संध्याकाळी साडेतीन तास, खेळ जेवण आंघोळ झोपवणं, आणि सकाळी अडीच तास. हे सहा तास तर सरळ काम आहे, झोप वगैरे काही नाही, उलट दिवसापेक्षा जास्त डोकेदुखीचे तास. कारखान्यात ओव्हरटाइमला दुप्पट दर असतो. घरकामाला तो कायदा लागू नाही, पण माप म्हणून घेऊ, ६ गुणिले १३० म्हणजे ७८०. उरलेल्या साडेआठ तासांचे झोपेचे ठोक ४०० ते ५००. झाले साधारण १,२०० रात्रीचे. चार रात्री ४,८००. रविवारचा दिवस सुट्टीचा म्हणून दुप्पट, १,२३०. एकूण ६,०३०. नवऱ्याचा आकडा फार कमी आणि मैत्रिणीचा जरा जास्त, पण मैत्रिणीच्या बाजूला चुकलेलं बरं.

बुध ते शनि दिवसाचा पगार चालूच आहे, तो यात धरायचा नाही. हे लिहितोय कारण एका नातेवाइकाने "पगारात आलंच की" म्हणून तोही वळता केला होता.

एडिसनची_माई

आमच्याकडे अमेरिकेत याचा नियमच आहे त्यामुळे सांगते, तुमच्याकडचे दर वेगळे पण तत्त्व घेण्यासारखं आहे. सलग २४ तास किंवा जास्त ड्यूटी असेल तर झोपेचे जास्तीत जास्त ८ तास वजा करता येतात, तेही आधी दोघांनी कबूल केलं असेल आणि झोपायला नीट जागा दिली असेल तरच. मधे मूल उठलं, रडलं तर तेवढा वेळ कामाचा. आणि निदान ५ तास झोप मिळाली नाही तर पूर्ण रात्र काम म्हणून मोजायची. माझ्या धाकट्याच्या वेळी नॅनीने तिसऱ्या रात्री सांगितलं होतं, तुझा लेक एकला उठला तो चारला झोपला, आणि मी मुकाट्याने पैसे दिले. तुमची लेक रात्री उठते का? ते आधी सांगा, मग रेट ठरवा.

वाकडची_आई

उठते ना. एकदा तरी नक्की, पाणी मागते, कधी आईच हवी म्हणून बसते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नवऱ्याला हा धागा वाचायला दिलाय, तो सध्या गप्प आहे.

निमा

पैशाइतकंच बाकीचंही बघ गं. सासूबाईंचं सगळं करायचं असेल, म्हणजे स्वयंपाक, औषधं, बाथरूमपर्यंत हात धरून नेणं, तर ते दुसरं काम झालं, त्याचे वेगळे पैसे. आमच्याकडे असंच झालं, मुलासाठी ठेवलेल्या ताई शेवटी आजींच्या पोळ्या लाटत बसल्या आणि मग चिडल्या, बरोबरच होतं त्यांचं. तू सरळ चार दिवस पोळीवाल्या बाई सांग किंवा डबा लाव.

घरात कॅमेरा असेल तर मावशींना सांगून ठेव कुठे कुठे आहे ते, झोपायच्या खोलीतला बंद कर. डॉक्टरांचा नंबर, लेकीचं वजन आणि तापाच्या औषधाचा डोस कागदावर लिहून फ्रिजला चिकटव, सासूबाईंच्या सहीने दवाखान्यात काम होईल का ते डॉक्टरांना आधीच विचार. १०८ पण त्याच कागदावर. वरखर्चाला दोन-तीन हजार रोख वेगळ्या पाकिटात दे. आणि मुख्य म्हणजे त्यांना स्वतःची खोली, गादी दे, हॉलमधे सतरंजीवर नको.

सुपलीभर

निमा +१. आणि निम्मे पैसे निघताना द्या. त्यांच्या घरी चार दिवस त्या नसणार, म्हणजे डबा बाहेरून येणार, खर्च तिकडेही आहेच. आणि वाकडची_आई, "किती देऊ" असं परत विचारू नका. आकडा तुम्ही बोला, आणि मग गप्प बसा जरा वेळ. त्यांना बोलायला जागा द्या.

घरेलू_नोंद

एक आणखी. २००८ चा महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, त्यात १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते. तो पगार ठरवत नाही, त्यामुळे धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही, पण मावशींची नोंदणी नसेल तर या निमित्ताने करून द्या. कागदपत्रांसाठी खेपा मारायला त्यांना सुट्टी मिळत नाही म्हणूनच बऱ्याच जणींचं राहून जातं.

वाकडची_आई

परत आलो सगळे, म्हणून लिहितेय, उशीर झाला त्याबद्दल सॉरी.

सुपलीभर म्हणाले तसं केलं. मी आकडा सांगितला, रात्रीचे १,२०० आणि रविवारचे वेगळे, आणि गप्प बसले. मावशी पण गप्प. मग म्हणाल्या, "पैसे ठीक आहेत ताई, पण माझी पोरगी दहावीला आहे, तिला रात्री एकटं ठेवायला मन होत नाही, तिचे वडील सिक्युरिटीत नाइटला असतात." दोन वर्षांत मला त्यांच्या नवऱ्याची नाइट ड्यूटी माहीत नव्हती. पहिल्यांदा त्या "राहते की" म्हणाल्या होत्या तेव्हाही हे असणारच ना मनात.

मग पोरगीच आली चार दिवस राहायला. आमच्या अभ्यासाच्या खोलीत तिची गादी टाकली, क्लासची रिक्षा आम्ही करून दिली. पोळ्यांना वेगळ्या बाई सांगितल्या. शुक्रवारी रात्री लेक दोनला उठली आणि तासभर रडली, मावशींनी स्वतःहून सांगितलंच नाही, सासूबाईंकडून कळलं. शेवटी ६,५०० दिले, ३,००० आधी आणि बाकी सोमवारी, आणि सोमवारी पगारी सुट्टी. सोमवारी मी घरी होते त्यामुळे जमलं. नवरा म्हणाला, हॉटेलच्या दोन रात्रींचं बिल आहे हे. त्याने ते कौतुकाने म्हटलं की दुःखाने ते अजून कळलेलं नाही.

आता नवीन पेच. सासूबाईंचं आणि मावशींचं इतकं जमलंय की त्या विचारतायत, मे महिन्यात लेकीला आणि मावशींना आठ दिवस नाशिकला घेऊन जाऊ का. त्याचा हिशोब कसा करायचा? आकडेमोड, आहात का?

आकडेमोड

आहे. प्रवासाचे तास पण मोजायचे. आधी त्यांना विचारा, नाशिकला जायचंय का.